मुद्रकाचा मृत्यू : गूढता, नोंद आणि संशोधकाचे उत्तरदायित्व

१

रोलां बार्थ यांनी १९६७-६८ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला, तेव्हापासून साहित्यसमीक्षेत 'मृत्यू' हा शब्द रूपकाच्या अर्थाने रुळला आहे. लेखक मेला, म्हणजे संहितेच्या अर्थावरील त्याची मालकी संपली आणि अर्थनिर्णयनाचा अधिकार वाचकाकडे गेला. या मांडणीत हाडामांसाचा माणूस मरत नाही, मरते ती एक संस्था. परंतु लेखक आणि वाचक या दोन टोकांमध्ये संहिता ज्याच्या हातून जाते तो मुद्रक या चर्चेत कोठेच आढळत नाही. त्याचे कर्तेपण कधी मान्यच झाले नव्हते. त्यामुळे ते संपल्याची घोषणा करण्याचे कारणही कोणाला पडले नाही.

रूपक बाजूला ठेवून प्रत्यक्ष मरणाकडे वळले तर हीच उपेक्षा अधिक ठळकपणे दिसते. मुद्रणाच्या आरंभीच्या इतिहासात असे अनेक मुद्रक भेटतात की ज्यांचे काम ठाऊक आहे, परंतु ते केव्हा, कोठे आणि कशाने मेले हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी येऊन ठेपलेला संशोधक बहुधा 'गूढ' या शब्दाचा आश्रय घेतो. अमुक मुद्रकाचा शेवट गूढ आहे, असे एक वाक्य लिहिले जाते आणि त्यापुढे तर्काला मोकळे रान मिळते. कोणी त्याला साथीत मारतो, कोणी जहाजावर, कोणी धर्मसत्तेच्या कोठडीत. या तर्कांच्या खरेखोटेपणाच्या आधी येणारा एक नैतिक प्रश्न असा आहे, की ज्या माणसाचे मरण कोणी नोंदवले नाही, त्याला मागाहून एक मरण रचून देण्याचा अधिकार संशोधकाला असतो काय? आणि नसेल, तर त्या माणसासंबंधी त्याचे कर्तव्य नेमके कोणते?

२

या प्रश्नाचा विचार दोन मुद्रकांच्या आधारे करता येईल. दोघेही वसाहतींच्या छपाईच्या अगदी आरंभी उभे आहेत, आणि योगायोग असा, की दोघांनाही त्यांच्या काळच्या युरोपीय कागदपत्रांनी एकाच शब्दाने ओळखले आहे : 'इंडियन'.

पहिला गोव्याचा. ६ सप्टेंबर १५५६ रोजी जेझुइट धर्मप्रचारकांबरोबर एक छापखाना गोव्यात उतरला. तो निघाला होता अबिसीनियाला. परंतु तेथील परिस्थिती अनुकूल नसल्याने गोव्यातच राहिला, आणि हिंदुस्थानातील मुद्रणाचा आरंभ अशा एका अडलेल्या प्रवासातून झाला. छापखान्याबरोबर आलेल्या स्पॅनिश मुद्रकाचे नाव हुआन दे बुस्तामांते. त्याच वर्षीच्या जेझुइट पत्रव्यवहारात आणखी एका माणसाचा उल्लेख येतो. हा माणूस हिंदी आहे, चांगल्या वर्तनाचा आहे, छपाईच्या कामात कुशल आहे आणि बुस्तामांतेला साहाय्य करण्यासाठी त्याच्याबरोबर पाठवला जात आहे, एवढेच तेथे म्हटले आहे. अ. का. प्रियोळकर यांनी 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' (१९५८) या ग्रंथात या आरंभाची साधार मांडणी केली, त्यामुळे मराठी अभ्यासकांना हा काळ परिचित आहे. या माणसाचे नाव मात्र पत्रात नाही. तो पोर्तुगालला कसा गेला, छपाई कोठे शिकला, गोव्यात पोचल्यावर किती वर्षे जगला, याबद्दल पत्र काही सांगत नाही. त्याचे कौशल्य नोंदण्याजोगे वाटले, नाव वाटले नाही.

दुसरा मॅसॅच्युसेट्सचा. निपमक जमातीतला वोवाउस हा मुलगा १६५९ मध्ये केंब्रिज येथील सॅम्युएल ग्रीनच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. जॉन एलियटने स्थानिक भाषेत केलेले बायबलचे भाषांतर १६६३ मध्ये तेथून पूर्ण छापून बाहेर पडले. त्याच्या खिळेजुळणीत या मुलाचा मोठा वाटा होता, आणि कामावरूनच त्याचे नाव पडले : जेम्स प्रिंटर. १६७५ मध्ये इंग्रज वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटले तेव्हा लँकास्टरवरील हल्ल्याच्या आरोपावरून त्याला पकडून बॉस्टनला नेण्यात आले. न्यायालयात तो सुटला. पुढे तो इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत दिसतो. तो तेथे स्वखुशीने गेला की नेला गेला, याविषयी मतभेद आहेत. १६७६ मध्ये माफीच्या घोषणेनंतर तो परतला आणि पुन्हा छापखान्यात रुजू झाला. १६८३ मध्ये एलियटने रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात, ही भाषा समजून पाने जुळवू शकेल आणि मुद्रिते तपासू शकेल असा हा एकच माणूस आपल्यापाशी असल्याचे म्हटले आहे. १७०९ च्या एका स्तोत्रसंग्रहाच्या मुखपृष्ठावर बी. ग्रीन यांच्या जोडीने जे. प्रिंटर हे नाव छापलेले आहे. त्यानंतर तो कागदपत्रांतून जवळजवळ नाहीसा होतो. एलियट २१ मे १६९० रोजी वारला, हे दिवसानिशी ठाऊक आहे. ज्याच्यावाचून एलियटचे बायबल छापून झाले नसते त्याच्या मृत्यूची तारीख निश्चित नाही.

दोघांमध्ये फरक आहे. एकाला नावच नाही, दुसऱ्याचे नाव म्हणजे त्याचा धंदा. परंतु दोघांच्या बाबतीत नोंदीची रीत सारखी आहे. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याला काम कसे पार पडेल याची काळजी होती. कामाशी निगडित तेवढाच माणूस कागदावर उतरला, आणि काम संपताच कागदही संपला.

३

येथे 'गूढ मृत्यू' आणि 'नोंदहीन मृत्यू' यांत भेद करणे आवश्यक आहे. गूढ मृत्यूत काहीतरी लपवलेले असते. त्यात सत्य जाणणारा कोणीतरी असतो आणि त्याने ते दडवलेले असते. संशोधकाचे काम ते उघडकीस आणण्याचे. नोंदहीन मृत्यूत लपवणारा कोणी नसतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, घरच्यांना, बरोबर काम करणाऱ्यांना तो मृत्यू पुरेपूर ठाऊक होता. त्यांच्या दृष्टीने त्यात कोडे काहीच नव्हते. ते ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूला पहिल्याचे नाव दिले की एक सामाजिक संबंध नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक वातावरण येते. उपेक्षेला कर्ता असतो, गूढतेला नसतो. 'त्याचा शेवट गूढ आहे' या वाक्यात अज्ञान जणू त्या माणसाच्या स्वभावाचा भाग बनते, आणि ज्याने त्याचे नाव लिहायचे टाळले तो लेखनिक निर्दोष सुटतो. रहस्यकथेची ही संकेतव्यवस्था इतिहासलेखनात नकळत शिरते, आणि ती रंजक असल्यामुळे तिची चिकित्सा सहसा होत नाही.

याच गोव्यातील एका ग्रंथाचा दाखला हा भेद स्पष्ट करील. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुद्रक जोआंव द एन्देम. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत असल्याचा ठपका मागाहून ठेवण्यात आला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. मरून बारा वर्षे झालेल्या माणसाला पुन्हा शिक्षा झाली आणि तिची नोंदही राहिली. धर्मसत्तेला लेखकाचे प्रेतदेखील आपल्या ताब्यात हवे होते. एन्देमची ओळख मात्र मुख्यतः त्याने छापलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरूनच होते. ओर्ताचा ग्रंथ मुद्रणदोषांसाठी प्रसिद्ध आहे. त्याला जोडलेले शुद्धिपत्र अनेक पानांचे आहे. म्हणजे ग्रंथाच्या अंतरंगात मुद्रक हजर आहे तो चुकांच्या रूपाने. बिनचूक जुळलेल्या ओळी लेखकाच्या खात्यावर जमा होतात आणि चुकलेला खिळा तेवढा मुद्रकाचा राहतो. पाठचिकित्सेला ही गोष्ट परिचित आहे. तिच्यातला नैतिक आशय मात्र क्वचितच विचारात घेतला जातो.

४

कोणाची नोंद होते, हे नोंद कशासाठी होते यावर ठरते. हेन्री हिल्स हा इंग्रज मुद्रक १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून मुंबईस आला. त्याला बोलावण्याची खटपट भीमजी पारेख या व्यापाऱ्याने केली होती. हिंदू ग्रंथ छापून घ्यावेत अशी त्याची इच्छा होती. हिल्स छापू शकत होता, पण नागरी अक्षरांचे खिळे पाडणे त्याला जमणारे नव्हते, अशी अडचण पत्रांतून व्यक्त झाली आहे. आजच्या वाचकाला हिल्स ठाऊक आहे तो वर्षाला ५० पौंड पगाराचा नोकर आणि एक अपुरी पडलेली सोय म्हणून. कंपनीच्या दप्तराला त्याच्यात तेवढेच स्वारस्य होते.

पुण्यातही असेच घडले. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासातून नाना फडणिसांच्या काळात ताम्रपटावर अक्षरे कोरून छापण्याचा उपक्रम सुरू झाला. १८०० मध्ये नाना वारले. पुढे १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता ताम्रपटांवरून छापून निघाली. कोरण्याचे काम केले एका तांबटाने. इतिहासात तो 'एक तांबट' म्हणूनच वावरतो. नानांचे दुखणे, त्यांचे शेवटचे दिवस, त्यांच्या पश्चात झालेली राजकीय उलथापालथ यांवर पानेच्या पाने उपलब्ध आहेत. तांबटाच्या वाट्याला एक जातिवाचक नाम आले.

मुद्रकाचे नाव सक्तीने लिहिले जाऊ लागले ते एकोणिसाव्या शतकात, कायद्याने. १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर आणि वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले. २०२३ च्या नव्या कायद्याने तो रद्द होईपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे मराठी पुस्तकांच्या श्रेयपृष्ठावरील ती ओळ या कलमामुळे येत होती. तिचा हेतू गौरवाचा नव्हता. मजकूर आक्षेपार्ह ठरल्यास कोणाला धरायचे, हे सरकारला कळावे, एवढाच तिचा अर्थ. लेखक या संकल्पनेचा उगम दंडनीयतेत आहे, असे मिशेल फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात सुचवले होते. मुद्रकाच्या बाबतीत त्या विधानाला सिद्धांताचीही गरज नाही, कलमच पुरे आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्याच्या शीर्षकात बाळ गंगाधर टिळकांच्या नावापुढे केशव महादेव बाळ हे नाव येते. बाळ हे 'केसरी'चे मुद्रक. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, बाळ निर्दोष सुटले. निर्दोष सुटणे म्हणजे इतिहासातूनही सुटणे, असा येथे अर्थ झाला. टिळकांच्या मृत्यूचा दिवस मराठी शाळांतून पाठ केला जातो. त्यांच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या मुद्रकाचे नाव खटल्याच्या शीर्षकाबाहेर क्वचितच उच्चारले जाते.

याला अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकून पुढे स्वतःचा छापखाना काढणारे आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी यांच्याविषयी गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या पुस्तकात आस्थेने लिहिले. येथे लिहिणारा मराठी आहे, वाचणारा मराठी आहे आणि विषय झालेला मुद्रक हा त्या दोघांच्या शहरातला माणूस आहे. लेखनिक आणि मुद्रक यांच्यातले नाते बदलले की नोंद बदलते. यावरून नोंदीचा अभाव हा काळाचा अटळ परिणाम होता, ही समजूत टिकत नाही.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दप्तर जर सत्तेचेच असेल, तर दप्तरात नाही ते बोलूच नये असा नियम करणे म्हणजे त्या सत्तेचा निकाल कायम करणे होय. मुक्यांच्या वतीने कल्पनाशक्तीने बोलावे, हाच न्याय नव्हे काय?

या आक्षेपाला अलीकडच्या इतिहासविचाराचे भक्कम पाठबळ आहे. रणजित गुहा यांनी 'चंद्राज डेथ' (१९८७) या निबंधात १८४९ च्या काही तुटक जबान्यांवरून बंगालमधील बागदी जातीच्या एका तरुण विधवेच्या मृत्यूचा अर्थ लावला. सरकारी कागदात तो गुन्हा होता. गुहांनी तो गर्भपातासाठी एकत्र आलेल्या स्त्रियांच्या परस्परसाहाय्याच्या आणि पितृसत्तेच्या दडपणाच्या संदर्भात वाचला. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९२६ मध्ये कलकत्त्यात गळफास घेतलेल्या भुवनेश्वरी भादुरी या तरुणीच्या मृत्यूकडे लक्ष वेधले. आपल्या मरणाचा अर्थ अनैतिक संबंधांशी जोडला जाईल हे ओळखून तिने मासिक पाळीच्या दिवसांची वाट पाहिली होती, आणि तरीही पुढच्या पिढ्यांनी नेमका तोच अर्थ लावला. सैदिया हार्टमन यांनी २००८ च्या एका निबंधात गुलामांच्या जहाजावर मारल्या गेलेल्या एका मुलीची कथा सांगता येईल काय, असा प्रश्न विचारून, सांगण्याची इच्छा आणि सांगता न येणे या दोहोंना एकाच लेखनात जागा दिली.

हे तिन्ही दाखले कल्पनेच्या बाजूने उभे केले जातात; बारकाईने पाहिल्यास ते वेगळे काही शिकवतात. गुहांनी चंद्राला एकही नवे वाक्य दिलेले नाही. उपलब्ध जबान्यांच्या भोवतीचा समाज त्यांनी उभा केला. स्पिवाक यांच्या विवेचनाचे मर्मच असे, की मृताने अर्थ स्वतःच्या देहावर लिहून ठेवला तरी वाचणारे आपल्याला हवा तो अर्थ वाचतात. हार्टमन यांनी रिकाम्या जागेला रिकामी जागा म्हणूनच वाचकापुढे ठेवले. या तिघांपैकी कोणीही पोकळी भरून तिच्यावर पुराव्याचा शिक्का मारलेला नाही.

कादंबरीकाराला गोव्याच्या त्या निनावी मुद्रकाला नाव, गाव, बायकोमुले आणि मरण देण्याची पूर्ण मुभा आहे. कारण कादंबरी आपण कादंबरी असल्याचे सांगूनच बोलते. संशोधनाचे तसे नाही. संशोधनातले विधान मृताच्या चरित्राचा भाग बनते आणि पुढच्या संशोधनात ते आधार म्हणून वापरले जाते. जिवंत माणसाविषयी खोटे लिहिले तर तो प्रतिवाद करू शकतो. ज्याचे वंशज ठाऊक नाहीत, ज्याचे नावही नाही, अशा मृताकडून प्रतिवाद संभवत नाही. त्याच्या बाबतीत संशोधकावर बाहेरचा अंकुश जवळजवळ नसतो. बंधन पाळायचे ते याच कारणाने.

येथे मोहाचा आणखी एक प्रकार ध्यानात घ्यावा लागतो. 'हिंदी' हा पोर्तुगीज पत्रातला शब्द त्या काळी बराच सैल होता. पूर्वेकडच्या नाना प्रदेशांतल्या माणसांना तो लागत असे. तरीही तो मुद्रक गोमंतकीय असावा, कोकणी किंवा मराठी बोलणारा असावा, असे म्हणण्याचा मोह अभ्यासकाला होतो, कारण तसे झाल्यास मुद्रणाच्या आरंभावर आपला हक्क सांगता येतो. जेम्स प्रिंटरच्या बाबतीतही हेच घडते. एका मांडणीत तो ख्रिस्ती निष्ठेचा नमुना होतो, दुसऱ्या मांडणीत वसाहतवादाविरुद्ध लढणारा, आणि १६७५ च्या हिवाळ्यात तो कोणत्या मनःस्थितीत होता हे प्रत्येक मांडणी आपल्या सोयीने ठरवते. ज्यांना एकेकाळी त्यांच्या उपयुक्ततेपुरते नोंदवले गेले, त्यांना पुन्हा उपयुक्ततेपुरते आठवणे ही त्याच व्यवहाराची पुढची पायरी होय. कंपनीला काम हवे होते, संशोधकाला पूर्वज हवा असतो. दोन्ही ठिकाणी माणूस साधनच राहतो.

६

मग अज्ञाताविषयी काही ठरवणे शक्यच नाही, असा निष्कर्ष काढावा काय? तसे मुळीच नाही. त्याचे उत्तर दाखवणारे एक उदाहरण विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात आहे. ते मुद्रकाचे नसून नाटककाराचे आहे, परंतु पद्धतीच्या दृष्टीने ते येथे उपयोगी पडते.

भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत स्वतःविषयी माहिती दिली आहे : पद्मपूर हे गाव, नीलकंठ हे वडील, जातुकर्णी ही आई. कल्हणाने 'राजतरंगिणी'त त्याचा उल्लेख कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी असलेल्या कवींत केला आहे. त्याच्या अखेरीविषयी मात्र विश्वसनीय असे काहीच हाती नाही. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पद्मपूर होय, असे प्रतिपादन केले. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. त्यांच्या पुराव्यांपैकी एक आहे दुर्ग येथे सापडलेला वाकाटकांचा ताम्रपट. तो पद्मपुराहून दिला जायचा होता, परंतु तो अपूर्ण आहे. त्याचा मजकूर मध्येच थांबतो.

या अपूर्ण ताम्रपटाचा उपयोग ज्या रीतीने झाला त्यात संशोधनाच्या नीतीचा एक धडा आहे. पद्मपूर हे वाकाटककाळी राजशासन निघावे इतके महत्त्वाचे ठिकाण होते, एवढी गोष्ट ताम्रपटावरून सिद्ध होते आणि तेवढीच त्याच्याकडून घेतली गेली. कोरणारा का थांबला, दान का रद्द झाले, राजा मेला की गाव हातचे गेले, यांची उत्तरे रचून त्यावर भवभूतीच्या घराण्याची कथा उभारणे अशक्य नव्हते. पद्मपुराच्या स्थाननिश्चितीविषयी मतभेद असू शकतात आणि आहेतही. परंतु वाद होऊ शकतो तो प्रत्येक विधान आपल्या पुराव्याशी बांधलेले असल्यामुळेच. ज्या तर्काशी पुराव्याच्या आधारे भांडता येते तो तर्क मृताशी प्रामाणिक असतो. ज्याच्याशी भांडायला जागाच नाही, तो कितीही सहानुभूतीने केलेला असला तरी मृतावर लादलेला असतो.

हीच कसोटी गोव्याच्या मुद्रकाला लावली तर त्याच्याविषयी बोलण्याजोगे पुष्कळ उरते. कोणत्या पत्रात तो येतो, ते पत्र कोणी कोणास लिहिले, बुस्तामांतेचे नाव येते तेथे त्याचे का येत नाही, त्याचे वर्तन चांगले असल्याचे सांगण्याची गरज लिहिणाऱ्याला का वाटली, या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात. एका हिंदी माणसाच्या कौशल्याची शिफारस करताना त्याच्या चारित्र्याची हमी द्यावी लागत होती, ही गोष्ट त्याच्या जगण्याविषयी बरेच काही सांगते. मौनाचा आकार मोजता येतो. त्याच्या कडा कोणत्या वाक्यांनी बनल्या आहेत हे दाखवता येते. त्या आकारात एक मरण कोंबणे मात्र संशोधकाचे काम नव्हे.

७

या प्रश्नाची एक बाजू ग्रंथालयाबाहेरची आहे. मुद्रकाच्या मृत्यूची कारणे शोधताना कोठडी, समुद्र, साथ यांच्याकडे कल्पना धावते. धंद्याकडे ती क्वचितच वळते. खिळे ज्या मिश्रधातूचे पाडले जातात त्यात मुख्य भाग शिशाचा असतो, जोडीला अँटिमनी आणि कथील. दिवसभर हे खिळे बोटांनी उचलणे, त्याच हातांनी जेवणे, धूळ बसलेल्या खणांशी वाकून मंद उजेडात डोळे ताणणे हे जुळाऱ्याचे आयुष्य. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने श्रमिकांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत मुद्रकांच्या व्याधींचा समावेश केला होता. हिंदुस्थानात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने शिशाच्या विषबाधेला धंद्यातून उद्भवणारा रोग म्हणून मान्यता दिली. म्हणजे वैद्यकाला हे मरण ठाऊक होते, कायद्याला ठाऊक होते; साहित्याच्या इतिहासाला तेवढे ते ठाऊक नव्हते. पोटदुखी, अशक्तपणा, थरथरणारे हात यांत गूढ असे काहीच नसते, आणि कदाचित म्हणूनच ते कोणाच्या चरित्रात जात नाही.

खिळ्यांचे छापखाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांतूनही चालत असत. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीसारख्या नाटकवेड्या मुलखात नाटकांची हस्तपत्रके, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, एखाद्या स्थानिक कवीचा पहिला आणि बहुधा शेवटचा संग्रह अशाच छापखान्यांतून बाहेर पडण्याचा तो काळ. मग ऑफसेट आले, संगणकावरची अक्षरजुळणी आली, आणि खिळे भंगारात वजनावर गेले. अशा संग्रहाच्या श्रेयपृष्ठावर छापखान्याच्या मालकाचे नाव सापडते, कारण कायद्याला मालक हवा होता. खिळे जुळवणाऱ्याचे नाव सापडत नाही. गोंदियाच्या पदव्युत्तर वर्गातला एखादा विद्यार्थी आज प्रादेशिक वाङ्मयाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला कवी सापडतील, प्रकाशनसमारंभाचे अध्यक्ष सापडतील. जुळारी मात्र त्याच गावात, बहुधा सत्तरी ओलांडलेला, अजून भेटू शकतो. झाडीबोलीतला एखादा शब्द त्याने स्वतःहून 'शुद्ध' करून टाकला असेल, किंवा कवीच्या हस्ताक्षरातला चुकलेला शब्द सुधारला असेल. संहितेच्या पाठनिश्चितीसाठी त्याचे सांगणे महत्त्वाचे आहे. आणि पाठनिश्चितीला त्याचा काही उपयोग झाला नाही, तरीही त्याचे नाव विचारणे आवश्यक आहे. अन्यथा संशोधक १५५६ च्या पत्रलेखकाचीच री ओढत असतो.

गोव्याच्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या मुद्रकांना आता नवे काही देता येणार नाही. त्यांचे मरण जसे होते तसे, अज्ञात, राहू देणे आणि ते अज्ञात कोणामुळे राहिले हे स्पष्टपणे लिहिणे, एवढेच त्यांच्यासंबंधी करता येते. जुळाऱ्यांच्या शेवटच्या पिढीच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. त्यांच्यासंबंधी पुढच्या अभ्यासकाला 'गूढ' हा शब्द वापरावा लागला, तर ती नोंद आजच्या अभ्यासकाने केली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असेल.